सहा कुत्रे आणि एक नोंदवही : लुंडेहुंडच्या आतड्यात दडलेला इतिहास

१/
१९६३ साली नॉर्वेमध्ये लुंडेहुंड या जातीचे केवळ सहा कुत्रे उरले होते. त्यांपैकी पाच एकाच आईची संतती होती. आज जगभरात या जातीचे सुमारे दीड हजार कुत्रे आहेत आणि ते सगळे त्या सहांचे वंशज आहेत. नामशेष होता होता एक जात वाचली, म्हणून ही कथा नेहमी आनंदाने सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र पशुवैद्यांच्या दवाखान्यात घडतो, कारण या जातीला आतड्याच्या एका आनुवंशिक विकाराने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासले आहे.

२/
आनुवंशिक आजार म्हटला की तो निसर्गाचा खेळ मानला जातो आणि इतिहासाच्या अभ्यासकाचे तिथे काही काम नाही, असे गृहीत धरले जाते. लुंडेहुंडचे उदाहरण या समजुतीला छेद देते. या कुत्र्याच्या आतड्यातील दोष जनुकांत आहे हे खरे. पण तो दोष साऱ्या जातीत कसा पसरला याचे उत्तर मासेमारीचे जाळे, सरकारी कर, एक महायुद्ध, एक विषाणू आणि शुद्ध वंशाची नोंदवही यांत सापडते. या थ्रेडमध्ये तोच प्रवास क्रमाने मांडला आहे.

३/
आरंभ स्थळापासून. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, लोफोटेन हा द्वीपसमूह आहे. त्याच्या दक्षिण टोकाकडे वॅरॉय नावाचे बेट आणि त्या बेटाच्या एका कडेला मोस्ताद हे गाव. मागे सरळ उभा डोंगर, पुढे खवळलेला समुद्र आणि मधल्या अरुंद पट्टीत काही घरे. गावाला ना रस्ता होता, ना सुरक्षित बंदर. शेतीला जमीन नव्हतीच म्हणावी अशी. माणसे समुद्रातल्या माशांवर जगत आणि उन्हाळ्यात कड्यांवर येणाऱ्या पक्ष्यांवर.

४/
हा पक्षी म्हणजे पफिन. नॉर्वेजियन भाषेत त्याला ‘लुंडे’ म्हणतात. तो कबुतराएवढा, पण अंगाने भरलेला. काळ्या-पांढऱ्या पिसांचा आणि रंगीत चोचीचा. हिवाळा तो भर समुद्रात काढतो आणि विणीच्या हंगामात किनाऱ्यावरील कड्यांवर हजारोंच्या संख्येने उतरतो. खडकांच्या खोल कपारींत किंवा मातीत खणलेल्या बिळांत मादी वर्षाला एकच अंडे घालते. या पक्ष्याचे मांस मिठात मुरवून हिवाळ्यासाठी राखले जाई आणि मऊ पिसांना बाजारात किंमत मिळे. अडचण एवढीच होती, की माणसाचा हात त्या कपारींच्या तळाशी पोहोचत नसे.

५/
तिथे पोहोचत असे तो लुंडेहुंड, म्हणजे शब्दशः ‘पफिनचा कुत्रा’. वजन जेमतेम सहा-सात किलो. प्रत्येक पायाला किमान सहा बोटे, त्यामुळे निसरड्या खडकावर पकड घट्ट. पुढचे पाय दोन्ही बाजूंना जवळजवळ आडवे पसरू शकतात. मान एवढी लवचिक, की डोके मागे वळून पाठीला टेकते. अरुंद बिळात अंग न वळवता मागे पाहता येते. कानांच्या पाळ्या दुमडून भोक बंद करता येते, म्हणजे माती-पाणी आत जात नाही. कुत्रा बिळात शिरे, पक्षी तोंडात धरी आणि जिवंतच मालकाकडे घेऊन येई.

६/
ज्या १६६४ साली शिवछत्रपतींनी पहिल्यांदा सुरतेवर स्वारी केली, त्याच सुमारास फ्रांचेस्को नेग्री नावाचा एक इटालियन धर्मगुरू उत्तर नॉर्वेतून प्रवास करत होता. त्याचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर १७०० साली प्रसिद्ध झाले. पफिनच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या लहान कुत्र्यांचा उल्लेख त्यात येतो. म्हणजे निदान साडेतीनशे वर्षांपूर्वी हे कुत्रे त्या किनाऱ्यावर नित्याचे होते. त्यांची नोंदवही नव्हती, प्रमाणित वर्णन नव्हते. जो कुत्रा पक्षी आणतो तो चांगला, हीच काय ती कसोटी.

७/
एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. पफिन जाळ्यांनी पकडण्याची पद्धत रूढ झाली आणि एका जाळ्यात कितीतरी पक्षी एकदम अडकू लागले. कुत्र्याचे काम संपत आले. त्यातच कुत्र्यांवर कर बसला. ज्या घरात खायची तोंडे मोजली जातात, तिथे काम नसलेल्या जनावराचा कर कोण भरणार? किनाऱ्यावरच्या एकेका वस्तीतून लुंडेहुंड नाहीसा होत गेला. जातीचा पहिला मोठा संकोच असा झाला. तो रोगराईने नव्हे, अर्थकारणाने घडवला.

८/
मोस्ताद मात्र मागे राहिले आणि मागे राहिल्यामुळेच तिथला कुत्रा टिकला. दळणवळण अवघड असल्याने बाहेरचे कुत्रे गावात फारसे येत नसत. गावातल्या कुत्र्यांची वीण आपसांतच होत राहिली. हा ‘शुद्ध वंश’ कुणी ठरवून राखलेला नव्हता. डोंगर आणि समुद्र यांनी तो राखला होता. पण जनुकांच्या दृष्टीने परिणाम तोच. विहिरीला बाहेरून झरा मिळाला नाही, तर आहे तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसले जाते.

९/
याच काळात इंग्लंडमध्ये ‘शुद्ध जात’ या कल्पनेला संस्थात्मक रूप येत होते. १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन भरले. १८७३ साली केनेल क्लबची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी वंशावळींची पहिली नोंदवही छापली गेली. १८९८ साली नॉर्वेनेही आपला केनेल क्लब उभारला. नोंदवहीचा नियम साधा होता: ज्याचे आईवडील वहीत, त्याचे नाव वहीत. कालांतराने बहुतेक जातींच्या वह्या बाहेरच्यांसाठी बंद झाल्या. कुत्रा काय करतो यापेक्षा तो कुणाच्या पोटचा आहे, याला महत्त्व आले.

१०/
विसाव्या शतकात सिगुर्ड स्काउन यांनी या विस्मृत कुत्र्याविषयी लिहिले आणि तो लेख दक्षिण नॉर्वेतील हामार येथे राहणाऱ्या एलेनॉर क्रिस्टी यांच्या वाचनात आला. श्वानपालनाचा त्यांना ध्यास होता. त्यांनी मोस्तादच्या मोन्राड मोस्ताद यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १९३९ साली चार पिल्ले हामारला आली. एका गावापुरता उरलेला कुत्रा प्रथमच त्या गावाबाहेर, हेतुपूर्वक जतनासाठी वाढवला जाऊ लागला. इतिहासात अशा क्षणांची नोंद सहसा उशिरा घेतली जाते; या वेळी ती वेळेवर घेतली गेली होती.

११/
एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. युद्धाच्या त्याच वर्षांत वॅरॉय बेटावर डिस्टेंपरची साथ आली. हा गोवराच्या विषाणूशी नाते सांगणारा, कुत्र्यांना होणारा प्राणघातक रोग आहे. जगापासून तुटलेल्या त्या गावातले बहुतेक सर्व कुत्रे साथीत गेले. तेव्हा क्रिस्टींनी आपल्याकडचे काही कुत्रे परत बेटावर पाठवले. चार पिल्लांचे ऋण अशा रीतीने फेडले गेले. पण एकाच रक्ताचे कुत्रे आता दोन ठिकाणी होते. दोन वेगळ्या शाखा नव्हत्या.

१२/
१९४३ साली लुंडेहुंडला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी डिस्टेंपर हामारला पोहोचला आणि क्रिस्टींच्या कुत्र्यांपैकी एकच वाचला. युद्धानंतर बेटावरून पुन्हा पिल्ले आणून त्यांनी नव्याने आरंभ केला. १९६२ साली लुंडेहुंडप्रेमींची संघटना स्थापन झाली. १९६३ साली साथ पुन्हा उलटली आणि मोजदाद झाली तेव्हा उरले होते सहा: पाच दक्षिणेत, एक वॅरॉयवर. मोस्ताद गावही युद्धानंतरच्या दशकांत ओस पडत गेले. आज तिथे कायमची वस्ती नाही.

१३/
या संख्येचा अर्थ बखरींच्या अभ्यासकाला चटकन उमगेल. समजा, एका बखरीच्या पन्नास नकला होत्या आणि आगीत एकोणपन्नास जळाल्या. उरलेल्या नकलेत लेखकूने एका ठिकाणी चुकीचे नाव लिहिले असेल, तर पुढच्या प्रत्येक नकलेत तेच नाव येणार. ते चूक आहे हे सांगणारी दुसरी प्रतच नाही. काही पिढ्यांनी ती चूक हाच अस्सल पाठ ठरतो. प्राण्यांच्या बाबतीतही असेच होते: मूठभर पूर्वजांकडे जे दोष असतील, ते साऱ्या वंशाचे लक्षण बनतात.

१४/
जनुकांची रीत अशी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोष अप्रभावी असेल तर एक प्रत बिघडूनही दुसरी काम निभावते. जनावर निरोगी दिसते, पण दोषाचे वाहक असते. आईवडील नात्यातले असतील तर दोघांकडून तीच बिघडलेली प्रत येण्याचा संभव वाढतो. सख्ख्या भावंडांपासून झालेल्या पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. पिढ्यामागून पिढ्या असेच घडत गेले, तर निरोगी प्रत जातीतून कायमची लुप्त होऊ शकते.

१५/
लुंडेहुंडच्या वाट्याला आलेला दोष पचनाचा आहे. लहान आतड्याच्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म अंकुर असतात आणि प्रत्येक अंकुरात लसिकेची एक बारीक वाहिनी असते. अन्नातील स्निग्धांश शोषून तो पुढे रक्तात पोहोचवणे हे तिचे काम. या विकारात त्या वाहिन्या फुगतात आणि पाझरू लागतात. शरीराने कमावलेली प्रथिने पुन्हा आतड्यात ओघळून वाया जातात. रक्तवाहिन्यांतले पाणी धरून ठेवण्यात रक्तातील प्रथिनांचा मोठा वाटा असतो. ती घटली की पाणी बाहेर झिरपून पोटात आणि पायांत साठते.

१६/
मालकाला दिसते ते असे: जुलाब थांबत नाहीत, उलट्या होतात, खाणे पोटात जाऊनही कुत्रा खंगत जातो आणि बरगड्या दिसत असताना पोट मात्र पाण्याने फुगते. बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी घसरते. काहींच्या जठराचे अस्तर झिजते, काहींना जठरात गाठी होतात. सगळेच कुत्रे आजारी पडतात असे नाही आणि आजाराचे वय व तीव्रताही सारखी नसते. समूळ बरा करणारा उपाय नाही. कमी स्निग्ध, भरपूर प्रथिने असलेला आहार, बी-१२ची इंजेक्शने आणि प्रसंगी स्टेरॉइड यांच्या आधारे दिवस सुसह्य केले जातात.

१७/
पशुवैद्यकीय वाङ्मयात या विकाराची नोंद जुनी आहे. आतड्यातून प्रथिने गळण्याच्या या जातीतील आजाराचे वर्णन १९७७ साली, म्हणजे त्या सहा कुत्र्यांनंतर अवघ्या चौदा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. १९९४ साली जठराच्या विकारांशी असलेला त्याचा संबंध मांडला गेला. २०१६ साली एका जनुकीय अभ्यासाने लेप्रेल-१ या जनुकातील बदलाकडे बोट दाखवले. शरीरातील कोलॅजन या आधार देणाऱ्या प्रथिनाच्या जडणघडणीशी हे जनुक निगडित आहे.

१८/
इथे दुसऱ्या एका विकाराची तुलना उद्बोधक ठरते. १९६० साली नॉर्वेच्या ओल्गा इमर्सलुंड आणि फिनलंडचे राल्फ ग्रेसबेक यांनी, लहान मुलांच्या आतड्यात बी-१२ शोषले जात नाही अशा एका आनुवंशिक आजाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले. जायंट श्नाउझर, बॉर्डर कॉली अशा काही जातींच्या कुत्र्यांतही तोच आजार आढळला. त्यामागचे जनुक सापडले, चाचणी निघाली. वाहक कुत्र्याची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली की एकही पिल्लू आजारी निपजत नाही. जातीत निर्दोष प्रती भरपूर आहेत, म्हणून हा मार्ग खुला आहे.

१९/
लुंडेहुंडसाठी ही वाट बंद आहे. चाचणीचा उपयोग निवडीसाठी होतो आणि निवडीला पर्याय लागतात. या जातीत जनुकीय वैविध्य इतके क्षीण झाले आहे, की एका कुत्र्याऐवजी दुसरा निवडला तरी हाती जवळपास तोच वारसा येतो. पाहणाऱ्याला दोन कुत्रे भिन्न दिसतात, पण त्यांचे पणजोबा एकच आणि पणज्याही त्याच. नोंदवही जितकी काटेकोर, तितका हा फास घट्ट. नियमाचे पालन करून आजार हटणार नाही, हे गणिताने सिद्ध झाले होते. प्रश्न एवढाच होता, की नियम मोडायचा कुणी?

२०/
नियमाच्या बाजूने एक भावनिक युक्तिवाद बराच काळ उभा होता. सहा बोटे आणि विलक्षण सांधे पाहून काहींनी मांडले, की हा इतर कुत्र्यांहून वेगळा, हिमयुगापूर्वीच्या आदिम कुत्र्याचा अवशेष आहे. अशा अवशेषात परके रक्त मिसळणे म्हणजे पाप! जनुकीय अभ्यासांनी हा दावा टिकू दिला नाही. लुंडेहुंड उत्तर युरोपातील इतर टोकदार कानांच्या कुत्र्यांचाच नातलग ठरला. प्राचीनतेचा दावा करून शुद्धतेला पावित्र्य देण्याची युक्ती इतिहासाच्या वाचकाला नवी नाही. राजघराण्यांच्या वंशावळी थेट सूर्य-चंद्रापर्यंत याच रीतीने नेल्या जात.

२१/
मिथक गळून पडल्यावर उपायही स्पष्ट झाला. नातलग आहेत, तर निरोगी प्रत त्यांच्याकडून मागता येईल. २०१४ पासून नॉर्वेतील लुंडेहुंड संघटनेने केनेल क्लबच्या सहमतीने संकराचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी नॉर्वेजियन बुहुंड, आइसलँडिक शीपडॉग आणि नॉरबॉटेनस्पिट्झ या तीन जवळच्या जाती निवडल्या. पहिल्या पिढीतील मिश्र पिल्ले पुढे पुन्हा लुंडेहुंडशी जोडायची आणि प्रत्येक टप्प्यावर प्रकृती, स्वभाव व शरीराची ठेवण तपासायची, अशी ही संथ योजना आहे. मिश्र पिढीत जनुकीय वैविध्य स्पष्टपणे वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

२२/
आक्षेप अर्थातच आहेत. बुहुंडचे रक्त मिसळल्यावर त्या कुत्र्याला लुंडेहुंड म्हणायचे कशाच्या आधारावर? सहावे बोट गेले तर काय उरले? हा आक्षेप हेटाळण्याजोगा नाही. ज्यांनी साठ वर्षे सहाचे दीड हजार केले, त्यांना हातचे गमावण्याची भीती वाटणारच. त्याचे उत्तर मोस्तादच्या इतिहासात आहे. शतकानुशतके त्या किनाऱ्यावर लुंडेहुंड ही कामाची ओळख होती. बिळात शिरून पक्षी आणणारे शरीर आणि ते करण्याची बुद्धी एवढ्यावर ती ठरे. आजोबांची नावे कुणी विचारत नसे.

२३/
मग एलेनॉर क्रिस्टींनी चूक केली काय? आजच्या ज्ञानाच्या तराजूत १९३९ सालचे माणूस तोलणे इतिहासाला धरून नाही. त्यांनी पत्र लिहिले नसते, तर १९६३ साली मोजायला सहा कुत्रेही नसते. ज्या नोंदवहीने जातीला नाव, मान आणि पालक मिळवून दिले, तिनेच पुढे दाराला कडी लावली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. जतनाचे साधन आणि हानीचे कारण एकच असू शकते, हे मान्य केल्याशिवाय ही कथा पुरती सांगता येत नाही.

२४/
अन्य जातींच्या वंशावळी चाळल्या, तर अशीच कारणे कमी-अधिक प्रमाणात आढळतात. आयरिश सेटरच्या काही वंशांत गव्हातील ग्लुटेन न सोसणारे आतडे अप्रभावी जनुकातून उतरते. जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचे पाचकरस आटतात. तो एकाच जनुकाचा दोष असावा असे आधी मानले गेले, पण नंतर त्याची आनुवंशिकता अधिक गुंतागुंतीची निघाली. प्रत्येक ठिकाणी विचारण्याजोगा प्रश्न एकच: या वंशाचे मूळ पूर्वज किती होते आणि दार केव्हा बंद झाले? त्याचे उत्तर प्रयोगशाळेइतकेच दप्तरखान्यातही शोधावे लागते.

२५/
वॅरॉयच्या कड्यांवर लुंडेहुंडचे शिकारीचे काम आता उरलेले नाही. तो आज घरातल्या गालिच्यावर झोपतो आणि मोजून-मापून दिलेले कमी स्निग्ध अन्न खातो. नव्या मिश्र पिढ्यांतील पिल्ले मोठी होत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांचे पोट आयुष्यभर निरोगी राहते, यावर या प्रयोगाचे मोल ठरेल. त्यासाठी काही पिढ्या जाव्या लागतील आणि प्रत्येक पिल्लाच्या जन्माची, आजाराची व मृत्यूची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी लागेल. नोंदवही अजूनही लागणारच आहे. फक्त यापुढे तिच्यात आईवडिलांच्या नावांशेजारी पिल्लाच्या प्रकृतीचाही रकाना असायला हवा.

(समाप्त)